लघुव्यवसायांची कायदेशीर चौकट (महाराष्ट्र)

लघुव्यवसायांची कायदेशीर चौकट म्हणजे दुकान, कार्यशाळा, वाहतूक व्यवसाय, खानावळ, गोदाम किंवा छोटे सेवा केंद्र चालविणाऱ्या व्यक्तीला लागू होणाऱ्या केंद्रीय व राज्य कायद्यांचा समुच्चय होय. भारतात अशा व्यवसायांसाठी एकच सर्वसमावेशक कायदा नाही. करार, भागीदारी, कर, कामगार, जागा, ग्राहक आणि वसुली या विषयांवर स्वतंत्र अधिनियम असून त्यांपैकी काही संसदेने, तर काही महाराष्ट्र विधिमंडळाने केलेले आहेत. या लेखात महाराष्ट्रातील प्रमुख तरतुदींचा परिचय दिला असून उदाहरणादाखल रायगड जिल्ह्यातील द्रोणागिरी या नवी मुंबईच्या उपनगराचा विचार केला आहे.

बहुतेक लघुव्यावसायिकांचे नुकसान कायदा मोडल्यामुळे होत नाही. कायद्याने दिलेला हक्क वेळेत व योग्य कागदपत्रांसह न बजावल्यामुळे ते होते. नोंदणी नसलेली भागीदारी संस्था येणे रकमेसाठी दावा लावू शकत नाही, न वटलेल्या धनादेशाची नोटीस मुदतीनंतर पाठविल्यास फौजदारी उपाय हातचा जातो आणि नोंदणी न केलेल्या भाडेकराराचा फटका जागेच्या मालकालाच बसतो. त्यामुळे या विषयात कलमांइतकेच मुदती व नोंदी यांना महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

भारतीय करार अधिनियम, १८७२, परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ आणि भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ हे व्यापारी कायद्याचे तीन जुने आधार ब्रिटिश काळातील असून आजही अमलात आहेत. मुंबई प्रांतात दुकानांतील नोकरांच्या कामाचे तास ठरविणारा कायदा १९३९ साली झाला. स्वातंत्र्यानंतर त्याची जागा मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम, १९४८ ने घेतली. या कायद्याखालील नोंदणीला महाराष्ट्रात अजूनही 'गुमास्ता' किंवा 'गुमास्ता परवाना' म्हणतात. गुमास्ता म्हणजे दुकानातील कारकून किंवा नोकर. नोकरांच्या संरक्षणासाठी सुरू झालेली ही नोंद पुढे बँक खाते उघडण्यासाठी आणि कर्ज मिळविण्यासाठी व्यवसायाच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून वापरली जाऊ लागली.

लघुउद्योगांसाठी स्वतंत्र कायदा २००६ साली झाला. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ हा २ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे.

सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रमांची व्याख्या

यंत्रसामग्रीतील गुंतवणूक आणि वार्षिक उलाढाल या दोन्ही निकषांवर उपक्रमाचा वर्ग ठरतो. १ एप्रिल २०२५ पासून पुढील मर्यादा लागू आहेत.

• सूक्ष्म उपक्रम : गुंतवणूक ₹२.५ कोटींपर्यंत आणि उलाढाल ₹१० कोटींपर्यंत
• लघु उपक्रम : गुंतवणूक ₹२५ कोटींपर्यंत आणि उलाढाल ₹१०० कोटींपर्यंत
• मध्यम उपक्रम : गुंतवणूक ₹१२५ कोटींपर्यंत आणि उलाढाल ₹५०० कोटींपर्यंत

दोन्हींपैकी एक मर्यादा ओलांडली तरी उपक्रम वरच्या वर्गात जातो. उलाढाल मोजताना निर्यातीची रक्कम वगळली जाते. १ जुलै २०२० पासून 'उद्यम' या संकेतस्थळावर नोंदणी होते. ती स्वयंघोषणेवर आधारित व पूर्णपणे निःशुल्क असून तिच्यासाठी आधार व पॅन क्रमांक लागतात. शासकीय संकेतस्थळासारखी दिसणारी खाजगी संकेतस्थळे या नोंदणीसाठी शुल्क घेतात. त्या शुल्काला कायद्याचा आधार नाही.

व्यवसायाचे कायदेशीर स्वरूप

एकल मालकी

एका व्यक्तीच्या मालकीच्या व्यवसायाला कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र अस्तित्व नसते. व्यवसायाचे कर्ज हे मालकाचे वैयक्तिक कर्ज असते आणि त्याच्या वसुलीसाठी मालकाचे घर किंवा बचतही जप्त होऊ शकते. स्थापनेसाठी वेगळा कायदा किंवा खर्च नसल्याने बहुसंख्य लहान दुकाने याच स्वरूपात चालतात.

भागीदारी संस्था

भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ नुसार संस्थेच्या कृत्यांसाठी प्रत्येक भागीदार इतरांसह संयुक्तपणे व स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. एका भागीदाराने संस्थेच्या नावावर केलेली उधारी दुसऱ्याकडून पूर्णपणे वसूल होऊ शकते.

या कायद्याखाली संस्थेची नोंदणी ऐच्छिक आहे, परंतु कलम ६९ मुळे ती व्यवहारात अनिवार्यच ठरते. नोंदणी नसलेली संस्था करारातून निर्माण झालेल्या हक्कासाठी त्रयस्थ व्यक्तीविरुद्ध दावा लावू शकत नाही. भागीदारालाही संस्थेविरुद्ध किंवा सहभागीदारांविरुद्ध कराराधारित दावा लावता येत नाही. फक्त विसर्जन आणि हिशेब यांसाठीच्या दाव्यांना सूट आहे. याउलट, इतरांना अशा संस्थेविरुद्ध दावा लावण्यास आडकाठी नाही. दावा दाखल करण्याच्या दिवशी नोंदणी झालेली असणे आवश्यक असते. दावा दाखल झाल्यावर नोंदणी केल्याने त्यातील दोष दूर होत नाही.

मर्यादित दायित्वाची स्वरूपे

मर्यादित दायित्व भागीदारी अधिनियम, २००८ आणि कंपनी अधिनियम, २०१३ यांखाली स्थापन झालेल्या संस्थांना मालकांपासून वेगळे कायदेशीर अस्तित्व मिळते. खाजगी कंपनीला किमान दोन आणि कमाल २०० सभासद असू शकतात. 'एक व्यक्ती कंपनी' ही संकल्पना २०१३ च्या अधिनियमाने आणली. तिच्यात एकमेव सभासदाला आपल्या पश्चात सभासद होणारी व्यक्ती नामनिर्देशित करावी लागते. किमान भरणा भांडवलाची अट २०१५ मध्ये रद्द झाली.

मर्यादित दायित्वाच्या बदल्यात दरवर्षी विवरणपत्रे भरावी लागतात. तसेच बँका लहान कंपन्यांना कर्ज देताना संचालकांची वैयक्तिक हमी घेतात. अशी हमी दिल्यास त्या कर्जापुरते मर्यादित दायित्वाचे संरक्षण उरत नाही.

नोंदणी व नामफलक

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ हा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला आणि १९४८ चा कायदा रद्द झाला. मूळ अधिनियमानुसार १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणी करावी लागते, तर त्याहून कमी कामगार असलेल्या आस्थापनेने व्यवसाय सुरू झाल्याची सूचना देणे पुरेसे असते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा २० कामगारांपर्यंत वाढविण्यास आणि दैनिक कामाचे तास नऊवरून दहा करण्यास मंजुरी दिली.

या अधिनियमाने कामगारांना साप्ताहिक सुट्टी, वर्षाला आठ नैमित्तिक रजा आणि जादा कामासाठी दुप्पट दराने मोबदला दिला आहे. स्त्री कामगाराला रात्री कामावर ठेवण्यासाठी तिची संमती घेणे आणि सुरक्षेची व्यवस्था करणे आवश्यक आहे.

२०२२ मधील सुधारणेनंतर कामगारांची संख्या कितीही असली तरी प्रत्येक दुकानाचा नामफलक देवनागरी लिपीत मराठीत असणे सक्तीचे झाले. फलकावर अन्य भाषाही वापरता येते, परंतु मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये व्यापाऱ्यांना या अटीच्या पूर्ततेसाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती.

व्यवसायानुसार अन्य नोंदण्या लागतात. त्यांतील प्रमुख पुढीलप्रमाणे आहेत.

• अन्नपदार्थ : अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खाली लहान विक्रेत्यांना नोंदणी आणि मोठ्यांना परवाना लागतो. दोन्हींचा क्रमांक १४ अंकी असतो.
• वजनमापे : वैधमापन अधिनियम, २००९ नुसार तराजू व मापे ठराविक काळाने पडताळून त्यांवर मुद्रांकन करून घ्यावे लागते.
• फेरीविक्री : पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार विक्री प्रमाणपत्र आवश्यक असते. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांचे प्रतिनिधी असावे लागतात.
• व्यापारचिन्ह : व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ खालील नोंदणी दहा वर्षे टिकते व पुन्हा वाढविता येते. व्यक्ती व लहान उपक्रमांना अर्जशुल्कात सवलत आहे. कंपनीचे नाव नोंदल्याने व्यापारचिन्हाचा हक्क आपोआप मिळत नाही.

कर

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू आहे. महाराष्ट्रात केवळ वस्तूंचा राज्यांतर्गत पुरवठा करणाऱ्यास वार्षिक उलाढाल ₹४० लाखांपेक्षा अधिक झाल्यावर, तर सेवा देणाऱ्यास ₹२० लाखांपेक्षा अधिक झाल्यावर नोंदणी करावी लागते. परराज्यात वस्तू विकणाऱ्याला सर्वसाधारणपणे उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी बंधनकारक असते.

₹१.५ कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापारी व उत्पादकांना आपसमेळ योजना निवडून उलाढालीच्या एक टक्का कर भरता येतो. उपाहारगृहांसाठी हा दर पाच टक्के आहे. या योजनेतील विक्रेत्याला ग्राहकाकडून स्वतंत्रपणे कर आकारता येत नाही, खरेदीवरील कराची वजावट मिळत नाही आणि परराज्यात माल विकता येत नाही. कंपन्यांना माल पुरविणाऱ्याला म्हणूनच ही योजना अनेकदा गैरसोयीची ठरते, कारण त्याच्या ग्राहकालाही वजावट मिळत नाही.

मालाच्या वाहतुकीसाठी ई-वे बिल आवश्यक असते. आंतरराज्य वाहतुकीत मालाचे मूल्य ₹५०,००० पेक्षा, तर महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीत ₹१ लाखापेक्षा अधिक असल्यास ते काढावे लागते.

महाराष्ट्र राज्य व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्या यांवरील कर अधिनियम, १९७५ खाली व्यवसाय कर भरावा लागतो. संविधानाच्या अनुच्छेद २७६ नुसार तो कोणत्याही व्यक्तीकडून वर्षाला ₹२,५०० पेक्षा अधिक घेता येत नाही. मालकाला स्वतःचा कर भरण्यासाठी एक आणि कामगारांच्या वेतनातून कापलेला कर भरण्यासाठी दुसरी नोंदणी करावी लागते.

आयकरात लहान व्यावसायिकांना अंदाजित उत्पन्नाची सवलत आहे. ₹२ कोटींपर्यंत उलाढाल असल्यास रोखीच्या विक्रीवर ८ टक्के आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा गृहीत धरून सविस्तर हिशेबवह्यांशिवाय विवरणपत्र भरता येते. रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असल्यास ही मर्यादा ₹३ कोटी आहे. दहापर्यंत मालवाहू वाहने असणाऱ्यांसाठी वाहनागणिक उत्पन्न गृहीत धरण्याची वेगळी पद्धत आहे.

जागा व भाडेकरार

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा 'लिव्ह अँड लायसन्स' स्वरूपाचा प्रत्येक करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक आहे. नोंदणीची जबाबदारी जागेच्या मालकावर आहे. नोंदणी नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मालकाला शिक्षाही होऊ शकते.

भाडेकरू आणि परवानाधारक यांच्या हक्कांत मूलभूत फरक आहे. भाडेकरूला जागेत हितसंबंध मिळतो आणि कायद्यात दिलेल्या कारणांशिवाय त्याला काढता येत नाही. परवानाधारकाला केवळ वापराची मुभा असते. राहत्या जागेचा परवाना संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जलद दाद मागण्याची सोय कलम २४ मध्ये आहे. व्यवसायाच्या जागेला ती लागू नाही.

मुद्रांक शुल्क न भरलेला दस्तऐवज न्यायालयात पुरावा म्हणून स्वीकारला जात नाही. मात्र कमी पडलेले शुल्क व दंड भरून हा दोष दूर करता येतो.

गोदामे, उपाहारगृहे आणि तत्सम इमारतींना महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे. अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र मालकाला किंवा भोगवटादाराला वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैमध्ये, सादर करावे लागते.

करार व थकीत रकमेची वसुली

कराराचे घटक

भारतीय करार अधिनियमानुसार प्रस्ताव, स्वीकृती, मोबदला, कायदेशीर उद्देश आणि सक्षम पक्ष यांमुळे करार पूर्ण होतो. सर्वसाधारणपणे तोंडी करारही वैध असतो. तो सिद्ध करणे मात्र अवघड जाते. त्यामुळे मागणीपत्र, पोचपावती, चलन आणि मोबाइलवरील संदेश ही कागदपत्रे लहान व्यवसायात कराराइतकीच महत्त्वाची ठरतात. कराराधारित रकमेसाठी दावा लावण्याची सर्वसाधारण मुदत मुदत अधिनियम, १९६३ नुसार तीन वर्षे आहे. ऋणकोने मुदत संपण्यापूर्वी सहीनिशी देणे मान्य केल्यास किंवा काही रक्कम भरून त्याची सहीनिशी नोंद दिल्यास मुदत नव्याने सुरू होते.

पंचेचाळीस दिवसांचा नियम

२००६ च्या अधिनियमातील कलम १५ नुसार सूक्ष्म किंवा लघु उपक्रमाकडून माल वा सेवा घेणाऱ्याने ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे द्यावेत. ही तारीख माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढची असू शकत नाही. तारीख ठरलेली नसल्यास १५ दिवसांत रक्कम द्यावी लागते. मालाबद्दल तक्रार असल्यास खरेदीदाराने ती १५ दिवसांत लेखी कळवावी, अन्यथा माल स्वीकारला असे मानले जाते.

विलंब झाल्यास कलम १६ नुसार रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. उदाहरणार्थ, बँक दर ६ टक्के धरल्यास व्याजदर १८ टक्के होतो. ₹१ लाखाची रक्कम तीन महिने थकल्यास सुमारे ₹४,५६८ व्याज होते. पक्षांनी करारात कमी व्याज किंवा अधिक मुदत लिहिली असली तरी या तरतुदी प्रभावी ठरतात.

थकबाकीसाठी कलम १८ खाली सूक्ष्म व लघु उपक्रम सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. परिषद प्रथम तडजोडीचा प्रयत्न करते. तो फसल्यास लवाद चालवते किंवा प्रकरण लवाद संस्थेकडे सोपवते. परिषदेच्या निवाड्याला आव्हान देणाऱ्या खरेदीदाराला निवाड्याच्या ७५ टक्के रक्कम आधी जमा करावी लागते. आयकर कायद्यातही २०२३ च्या वित्त अधिनियमाने पूरक तरतूद केली. मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष भरणा केलेल्या वर्षातच खर्च म्हणून दाखविता येते.

या संरक्षणाला दोन मर्यादा आहेत. पहिली म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने सिल्पी इंडस्ट्रीज प्रकरणात (२०२१) असे म्हटले, की पुरवठ्यानंतर केलेली नोंदणी आधीच्या व्यवहारांना लागू होत नाही. त्यामुळे बिल थकल्यावर नोंदणी करण्यापेक्षा पहिला पुरवठा करण्यापूर्वीच ती करणे सुरक्षित ठरते. दुसरी म्हणजे घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांना २ जुलै २०२१ च्या आदेशाने उद्यम नोंदणी खुली झाली असली, तरी तिचा लाभ बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरताच ठेवला आहे. स्वतः माल तयार करणारा किंवा सेवा देणारा आणि केवळ खरेदी-विक्री करणारा यांच्या हक्कांत त्यामुळे मोठे अंतर पडते.

धनादेश न वटणे

परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ नुसार कायदेशीर देण्यापोटी दिलेला धनादेश खात्यात पुरेशी रक्कम नसल्यामुळे परत येणे हा गुन्हा आहे. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कार्यवाहीचे टप्पे ठरलेले आहेत.

१. धनादेश त्याच्या वैधतेच्या काळात, म्हणजे तीन महिन्यांत, बँकेत सादर करणे.
२. तो परत आल्याची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस देणे.
३. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस रकमेची वाट पाहणे.
४. ते १५ दिवस संपल्यावर एक महिन्यात न्यायालयात तक्रार दाखल करणे.

तक्रारीच्या विलंबास पुरेसे कारण असल्यास न्यायालय तो माफ करू शकते. नोटिशीच्या मुदतीबाबत अशी सवलत नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर धनादेश खात्यात जमा करण्यासाठी दिला असल्यास तक्रारदाराचे खाते ज्या शाखेत आहे तेथील न्यायालयात तक्रार करता येते. न्यायालयाला २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा अधिकार २०१८ मध्ये मिळाला.

दिवाणी उपाय

₹३ लाख किंवा अधिक मूल्याचे व्यापारी वाद वाणिज्य न्यायालये अधिनियम, २०१५ खाली येतात. तातडीचा अंतरिम आदेश मागितलेला नसेल तर दाव्यापूर्वी मध्यस्थीचा प्रयत्न करणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने पाटील ऑटोमेशन प्रकरणात (२०२२) स्पष्ट केले. लहान रकमांचे वाद लोकअदालतीत तडजोडीने मिटवता येतात. तेथील निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते व त्यावर अपील नसते.

कामगार

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा या विषयांवरील चार कामगार संहिता लागू केल्या. त्यांनी किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, उपदान आदी विषयांवरील २९ जुन्या केंद्रीय कायद्यांची जागा घेतली. भविष्य निर्वाह निधीसाठी २० आणि कर्मचारी राज्य विमा व उपदानासाठी १० कामगारांची मर्यादा आहे. किमान वेतनाला अशी संख्येची मर्यादा नाही. एकच कामगार असला तरी ते द्यावे लागते.

चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास मनाई आहे. कुटुंबाच्या व्यवसायात शाळेच्या वेळेबाहेर केलेल्या, धोकादायक नसलेल्या मदतीला अपवाद आहे. १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती आवश्यक असते. त्याहून लहान ठिकाणी काम करणाऱ्या महिलेला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

चढ-उताराच्या कामासाठी महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा आहे. महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम, १९६९ हा माथाडी कामगारांच्या चळवळीतून आला. अण्णासाहेब पाटील हे त्या चळवळीचे प्रमुख नेते होते. या कायद्याखालील योजना लागू असलेल्या क्षेत्रात मालकाने मंडळाकडे नोंदणी करून वेतन व त्यावरील आकार मंडळात भरायचा असतो. मंडळ ती रक्कम कामगारांपर्यंत पोहोचवते.

ग्राहकांप्रती जबाबदारी

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष वस्तूमुळे इजा झाल्यास उत्पादकासह काही परिस्थितीत विक्रेताही भरपाईस जबाबदार ठरतो. ग्राहकाला स्वतः राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे ऑनलाइन विक्री करणाऱ्या लहान व्यापाऱ्यावर दूरच्या जिल्ह्यातही प्रकरण उभे राहू शकते. तक्रारीची मुदत दोन वर्षे आहे.

कर्ज व दिवाळखोरी

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा असून विनापरवाना सावकाराच्या बाजूने न्यायालय हुकूमनामा देऊ शकत नाही.

व्यवसाय बुडाल्यास स्वरूपानुसार मार्ग बदलतो. कंपनी व मर्यादित दायित्व भागीदारी यांना नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ लागू आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रमांतील अशा संस्थांसाठी २०२१ मध्ये पूर्वनियोजित निराकरणाची वेगळी प्रक्रिया आणली गेली. एकल मालक व साध्या भागीदारी संस्थांविषयीचा संहितेतील भाग मात्र व्यापक स्वरूपात लागू झालेला नाही. त्यांच्यासाठी मुंबई शहरात १९०९ चा आणि रायगडसह उर्वरित भागात १९२० चा नादारी कायदा चालू आहे. सर्वांत लहान व्यावसायिकाला अशा प्रकारे सर्वांत जुन्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागतो.

उदाहरण : द्रोणागिरी

द्रोणागिरी हा सिडकोने नियोजित केलेल्या नवी मुंबईचा उरण तालुक्यातील विभाग असून त्याला उरणजवळील द्रोणागिरी डोंगराचे नाव मिळाले आहे. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. जवळचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि परिसरात कंटेनर तळ, गोदामे व वाहतूक व्यवसाय वाढले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावा शेवा अटल सेतूचे व खारकोपर-उरण रेल्वेमार्गाचे उद्घाटन झाले. या मार्गावर द्रोणागिरी स्थानक आहे.

येथील लघुव्यवसायांना लागू होणाऱ्या कायद्यांत पुढील बाबी विशेष आहेत.

जमिनीची धारणा

नवी मुंबईसाठी शेतजमिनी संपादित करण्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये पोलीस गोळीबारात पाच जणांचा मृत्यू झाला. पुढे प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. असे भूखंड आणि सिडकोने विकलेले इतर भूखंड सामान्यतः दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिलेले असतात. म्हणून दुकान किंवा गोदाम घेणाऱ्याने भाडेपट्ट्यातील मंजूर वापर, शिल्लक मुदत, भोगवटा प्रमाणपत्र आणि हस्तांतरणासाठी सिडकोचे ना हरकत प्रमाणपत्र तपासणे आवश्यक असते. मूळ वाटपधारकाशी साध्या मुद्रांक कागदावर केलेल्या व्यवहाराने मालकी मिळत नाही. गावठाणांलगत प्रकल्पग्रस्तांनी गरजेपोटी बांधलेल्या घरांतील गाळे भाड्याने घेताना बांधकामाची नियमितता हा वेगळा प्रश्न असतो.

प्राधिकरणे

परिसर पनवेलला जवळ असला तरी ऑक्टोबर २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेची हद्द उरण तालुक्यात येत नाही. द्रोणागिरी विभागात नियोजन व बांधकाम परवानगीसाठी सिडको, बंदराच्या जागेसाठी बंदर प्राधिकरण, तर दुकाने कायद्यासाठी राज्याचा कामगार विभाग अशी विभागणी आहे. जिल्ह्याचे मुख्य न्यायालय व जिल्हा उद्योग केंद्र अलिबाग येथे आहे.

वाहतूक व गोदामे

इतरांचा माल भाड्याने वाहून नेणाऱ्या सामान्य वाहकाला रस्त्याने वहन अधिनियम, २००७ नुसार नोंदणी करावी लागते. मालाचे अधिक मूल्य लेखी घोषित केलेले नसल्यास नुकसानभरपाई सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहापट रकमेपर्यंत मर्यादित असते. माल पाठविणाऱ्याने १८० दिवसांत लेखी नोटीस दिली नाही तर वाहकाविरुद्ध दावा टिकत नाही. बिल्टीवर मालाचे वर्णन व मूल्य नीट लिहिणे त्यामुळे दोन्ही पक्षांच्या हिताचे असते. गोदामांतील चढ-उतारास माथाडी कायद्याचा प्रश्न येतो.

थकबाकीच्या बाबतीत येथील दोन शेजाऱ्यांची स्थिती भिन्न असू शकते. उद्यम नोंदणी असलेला ट्रकमालक सेवा देत असल्याने मालवाहतुकीच्या थकीत बिलासाठी सुविधा परिषदेकडे जाऊ शकतो. त्याच रस्त्यावर टायर व सुटे भाग विकणारा दुकानदार व्यापारी असल्याने त्याला हा मार्ग मिळत नाही. त्याला करार, धनादेश आणि दिवाणी दावा यांवर अवलंबून राहावे लागते. दोघांची उधारी सारखीच असली तरी कायद्याने दिलेली साधने सारखी नाहीत.

टीका व सुधारणा

नोंदण्यांची संख्या, वेगवेगळ्या कामगारमर्यादा आणि अनेक कार्यालयांचे अधिकारक्षेत्र यांमुळे लहान व्यावसायिकावर अनुपालनाचा भार पडतो, अशी टीका होते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत मिळविण्याचा हक्क दिला असून अनेक दाखले 'आपले सरकार' संकेतस्थळावरून मिळतात. केंद्राच्या जन विश्वास (तरतुदी सुधारणा) अधिनियम, २०२३ ने अनेक किरकोळ गुन्ह्यांतील कारावासाऐवजी आर्थिक दंडाची तरतूद केली. दुसऱ्या बाजूने, कामगारमर्यादा वाढविल्याने लहान आस्थापनांतील कामगार संरक्षणाबाहेर जातात, असा आक्षेप कामगार संघटना घेतात. हक्क कायद्यात असूनही पुढचे काम गमावण्याच्या भीतीने लहान पुरवठादार मोठ्या खरेदीदाराविरुद्ध अर्ज करत नाहीत, ही विलंबित देयकांच्या तरतुदींपुढील मुख्य अडचण मानली जाते.

हेही पहा

• महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७
• वस्तू व सेवा कर (भारत)
• माथाडी कामगार
• सिडको
• जवाहरलाल नेहरू बंदर